अप्पांचा 'बघू' आणि रॉटरडॅमची पाहुणी

आमच्या घरात एक नियम आहे. घरी आलेल्या पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही. त्याने पाणी मागितलं, दे. मुक्कामाला थांबतो म्हणाला, अंथरूण घाल. गाडी मागितली, किल्ली काढून दे आणि स्वतः एसटीने जा! मी लहान असताना एका पाहुण्याच्या पोराने माझी नवीकोरी लाल सायकल मागितली होती. मी विचारलं, "का द्यायची?" तेव्हा अप्पा म्हणाले होते, "तेजू, या घरात काही गोष्टींना 'का' विचारायचं नसतं."

सायकल गेली. नियम राहिला.

अप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पिंपळगाव बसवंतला हायवेला लागून आमचं द्राक्षांचं पॅकहाऊस आहे, ते अप्पा चालवतात. माझे वडील, म्हणजे नाना, बागा बघतात आणि अप्पांच्या प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर आहे" म्हणतात. मी नाशिकला फूड टेक्नॉलॉजी शिकले आणि घरच्याच पॅकहाऊसमध्ये क्वालिटीचं काम बघते. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी धड इंग्रजी बोलणारी घरात मीच, त्यामुळे दुभाषीही मीच. दोन कामं, कौतुक एकाचंही नाही!

मार्च महिन्यात आमच्या गेटवर क्रेट साचतात ना, तसे माझ्याकडे परदेशी पाहुण्यांचे हे किस्से साचलेत. वेळेवर उतरवून घेतले नाहीत तर नासायचे. मैत्रिणी प्रत्येक वेळी हसून लोळतात आणि म्हणतात, "अगं लिही ना हे!" तर घ्या.

पण त्याआधी मला काय हवं होतं ते सांगून टाकते. मी तपासलेलं द्राक्ष बॉक्समध्ये बसून समुद्र ओलांडतं आणि रॉटरडॅमला उतरतं. तिथे कोणीतरी तो बॉक्स उघडतं आणि 'पास' किंवा 'फेल' म्हणतं. त्या क्षणी आमचं द्राक्ष कसं दिसतं ते मी फक्त मोबाइलवरच्या फोटोत बघितलेलं. मला तिथे उभं राहून तो बॉक्स स्वतःच्या हाताने उघडायचा होता. एक अख्खा हंगाम. दर वर्षी मी अप्पांना विचारायचे. दर वर्षी अप्पा म्हणायचे,

"बघू."

*

रॉटरडॅमच्या ज्या कंपनीला आमचा माल जातो तिथली खरेदी बघणारी बाई म्हणजे मार्लीस. उंच इतकी, की कोल्ड स्टोरेजच्या दारात "मॅडम, डोकं!" म्हणून ओरडायला अप्पांनी एक माणूस उभा केला होता. पहिल्यांदा आली तेव्हा अर्थातच घरी जेवायला. बेत पुरणपोळीचा.

आता गंमत ऐका. मार्लीसच्या घरची शिकवण अशी, की ताटात वाढलेलं सगळं संपवायचं, नाहीतर यजमानाचा अपमान होतो. आमच्या घरची शिकवण अशी, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं तर आपला अपमान होतो. झालं! आई वाढतेय, मार्लीस संपवतेय. मार्लीस संपवतेय, आई वाढतेय. दोघींच्या चेहऱ्यावर हसू, पण माघार कोणीच घेईना. शेवटी मार्लीस लालबुंद होऊन माझ्या कानाशी आली.

"तेजल, यातली शेवटची कुठली असते?"

पुढच्या वर्षी बाई शिकून आली. अर्धी पोळी मुद्दाम ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. अप्पांचं तोंड उतरलं. "पोळी बिघडली वाटतं." नाना म्हणाले, "बरोबर आहे." आई लगबगीने आत गेली आणि तव्यावरची गरम पोळी घेऊन आली!

त्याच्या पुढच्या वर्षी मी तिला आपल्याकडचा खरा उपाय शिकवला. बस म्हणायचं असेल तर दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे आणि मान हलवायची. मार्लीसने अगदी व्यवस्थित हात आडवे धरले. आईने कौतुकाने बघितलं. म्हणाली, "शिकली गं पोर!"

आणि पोळी तिच्या हातांवर वाढली. वरून तूप.

*

एकदा लेबलची डिझाइन बदलली होती. मार्लीसने अप्पांना विचारलं, "नवीन लेबल गुरुवारपर्यंत छापून होतील?"

"येस येस!" अप्पा.

गुरुवार आला. लेबल आली नाहीत. माल भरून तयार, बॉक्स उघडे, पॅकिंगच्या पोरी हातावर हात ठेवून बसलेल्या. मार्लीसचा आवाज चढत नाही, पण तिचे कान लाल होतात, त्यावरून समजायचं. "तुम्ही हो म्हणाला होतात."

अप्पा मला म्हणाले, "तिला सांग, येस म्हणजे मी ऐकलं. होईल असं कुठं म्हणालो?"

मी हे भाषांतर करायला नकार दिला!

पण दुसऱ्या दिवशी दिंडोरीला बागा बघायला जाताना गाडीत मी मार्लीसला आमच्या घरातला सगळा हिशेब समजावून सांगितला. माणूस एकदाच, सावकाश "हो" म्हणाला तर काम होणार. "येस येस" असं दोनदा घाईघाईत म्हणाला तर त्याने फक्त ऐकलंय. "करू की" म्हणाला तर अजून ऐकलेलंही नाही. "होऊन जाईल" म्हणाला तर दुसरा माणूस शोध.

"आणि 'नाही' म्हणायचं असेल तर काय म्हणतात?"

"बघू."

मार्लीसने दोन-तीनदा घोळवून म्हणून बघितलं. "बागू. बागू." मग तिने विचारलं, "तू रॉटरडॅमला येण्याबद्दल घरी विचारणार होतीस ना? काय म्हणाले?"

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बघू."

इतका वेळ ती प्रत्येक शब्दाला हसत होती. याला हसली नाही.

*

त्याच दिवशी दिंडोरीत रंगनाथकाकांची बाग बघायची होती. काकांनी बागेच्या तोंडाशी रांगोळी काढून घेतलेली, फेटा बांधलेला, शेजारपाजारचे दहाबारा शेतकरी बोलावलेले. विलायतेची मॅडम येणार म्हणजे काय! मार्लीस दोन ओळी फिरली, एक घड हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "नो."

एक शब्द. आता मला दुभाषी म्हणून तो मराठीत आणायचा. मी सुरू केलं, "मॅडम म्हणतात, काका, बाग एकदम छान आहे, मेहनत दिसते, पानं टवटवीत आहेत, फक्त या वर्षी थोडं..."

मार्लीसने मला थांबवलं. "मी एक शब्द बोलले. तू इतका वेळ काय बोलतेयस?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. जन्मभराची शिकवण एका बाजूला, मार्लीसचा 'नो' दुसऱ्या बाजूला आणि फेटा बांधलेले काका समोर. मी म्हणाले, "काका, त्या 'नाही' म्हणाल्या. घडात मणी दाटीने आहेत. विरळणी वेळेवर झाली नाही, म्हणून मणी बारीक राहिलेत. हा माल तिकडे चालणार नाही."

काकांनी फेटा काढला आणि बांधावर ठेवला. मला वाटलं, आता माझी काही खैर नाही.

काका म्हणाले, "पोरी, इतके साहेब आले, सगळे 'लय भारी, लय भारी' म्हणून चहा पिऊन गेले. माल कुणीच नाय नेला. का नाय नेला, ते आज पहिल्यांदा कळलं."

मग ते शेजाऱ्यांकडे वळले. "तुम्हीबी रोज 'भारी' म्हणत होता ना रे?"

सगळ्यांनी बघायला आपापली वेगवेगळी दिशा शोधली!

आता काकांचा माल जातो. आणि माझं म्हणाल, तर मी नोकरीला त्या दिवशी लागले. त्याआधी नुसती कामाला जात होते.

*

हा किस्सा छोटासा आहे. द्राक्षाची छाटणी शिकवायला चिलीहून एक तज्ज्ञ आला होता, रोद्रिगो. त्यांच्याकडे बायकांना भेटताना गालाला गाल लावतात. आमच्या काकू, म्हणजे अप्पांच्या बायको, ओवाळायला ताट घेऊन दारात उभ्या. रोद्रिगो हात पसरून, गाल पुढे करून निघाला. काकूंनी घाबरून कुंकवाचं बोट पुढे केलं. कपाळ हुकलं आणि कुंकू थेट नाकावर!

रोद्रिगोला वाटलं, अशीच पद्धत असेल. दिवसभर नाक लाल ठेवून बागेत शिकवत होता. शेतकऱ्यांना वाटलं, तिकडे अशीच पद्धत असेल. एकानेही विचारलं नाही.

अप्पांना रोद्रिगो फार आवडला. कारण मार्लीस दिलेल्या वेळेच्या आधी पाच मिनिटं दारात उभी असते, आणि रोद्रिगो दिलेल्या वेळेनंतर तासाभराने हसत हसत येतो. अप्पा म्हणाले, "हा माणूस मागच्या जन्मी आपल्या निफाडचा हाय."

*

परदेशी गिऱ्हाइकांसाठी पॅकहाऊस तपासायला येतात त्या ऑडिटवाल्यांचा एक नियम असतो. पॅकिंग हॉलमध्ये काचेची बांगडी, अंगठी, मणी, काहीही अंगावर चालत नाही. तुटून बॉक्समध्ये गेलं तर अख्खा कंटेनर परत येतो. आमच्याकडे पॅकिंगला सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या बायका येतात, हंगामभर पॅकहाऊसच्या मागच्या खोल्यांत राहतात. त्यांची मुकादम जिजाताई. आवाज खणखणीत, तोंड त्याहून.

सवाष्ण बायांना बांगड्या काढा कसं सांगायचं, म्हणून अप्पा आठवडाभर हॉलभोवती घिरट्या घालत होते. "बघू, करू, होऊन जाईल" सगळं म्हणून झालं. ऑडिट उद्यावर आलं तेव्हा मी सरळ गेले आणि सांगितलं. का, तेही सांगितलं. माझ्या हातातलं कडं काढून सगळ्यांसमोर डब्यात ठेवलं. मंगळसूत्र अंगावरच ठेवायचं, पण वरपर्यंत बटणं असलेल्या एप्रनच्या आत, असं ऑडिटवाल्या बाईंशी भांडून आधीच ठरवून आले होते.

जिजाताईने माझं बोलणं ऐकून घेतलं. म्हणाली, "ताई, कामापुरत्या बांगड्या काढायला आमची ना नाय. पण नियम तो सगळ्यांना. शेठच्या बोटांत काय हाय ते?"

अप्पांच्या बोटांत चार अंगठ्या. पुष्कराज, पोवळं, आणि ज्योतिषाने सांगितलेलं आणखी काय काय. त्यांनी हात पटकन पाठीमागे घेतले!

अंगठ्या निघाल्या नाहीत. त्या दिवसापासून आमच्या पॅकहाऊसचे मालक काचेच्या बाहेर उभे राहून हातवारे करतात, आणि आत हॉल मी चालवते. सगळं सुरळीत आहे. उलट जास्तच सुरळीत आहे.

*

मग आमचा हर्षलदादा. अप्पांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, स्वभावाने लाख माणूस. मार्लीसने विचारलं, आमच्या गोदामात माल उतरताना तपासायला तुमच्याकडचा एक माणूस हंगामभर मिळेल का? तुम्हालाही कळेल, तिकडे काय होतं. अप्पांनी या वेळी "बघू" म्हटलं नाही. एकदाच, सावकाश म्हणाले, "हो." आणि हर्षलदादाची बॅग भरली!

मी रात्रंदिवस द्राक्षं तपासणारी. दादा ट्रान्सपोर्ट बघणारा. मी अप्पांना विचारलं, "मी का नाही?"

"तो पोरगा हाय."

"बॉक्स उघडायला मिशी लागते का, अप्पा?"

नाना खोकले. अप्पा म्हणाले, "पुढच्या वेळी बघू."

दादा गेला आणि आठवडाभरातच त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा सुकलेला. "तेजू, उपाशी मरतोय गं!"

"का? जेवायला देत नाहीत?"

"देतात. पण एकदाच विचारतात!"

झालं असं, की पहिल्याच दिवशी मार्लीसने ऑफिसात बिस्किटांचा डबा पुढे केला. आपला दादा वळणाचा मुलगा, म्हणाला, "नको नको." डबा बंद! दुपारी सहकाऱ्याने विचारलं, आमच्याबरोबर सूप घेणार का? दादा म्हणाला, "नाही, राहू द्या." राहू दिलं! बिचारा वाट बघत बसला, की आता आग्रह करतील, मग घेतो. तिकडे 'नाही' म्हणजे खरोखरच 'नाही' असतं हे त्याला कोण सांगणार? त्याने आयुष्यात तसलं 'नाही' ऐकलंच नव्हतं.

मी मार्लीसला फोन करून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिने ऑफिसात नियम केला, पिंपळगावच्या माणसाला तीनदा विचारायचं. पहिलं 'नाही' सोडून द्यायचं, दुसरंही सोडून द्यायचं, तिसऱ्याला काय म्हणतो ते खरं. अख्खं डच ऑफिस एका माणसाला तीन तीनदा बिस्किट विचारायला लागलं! मार्लीस म्हणते, त्यामुळे तिचे लोक एकमेकांशीही जरा बरे वागायला लागलेत.

दादा मात्र बदलून आला. आता कोणाकडेही गेला आणि चहा घेणार का विचारलं, की प्रश्न संपायच्या आत म्हणतो, "हो!" नातेवाइकांना वाटतं, पोरगं हावरट झालं. जेवल्यावर स्वतःचं ताट स्वतः धुतो. पहिल्या दिवशी काकू रडल्या, माझ्या पोराला तिकडे काय केलं म्हणून. आता काकूच अप्पांना म्हणतात, "तुम्हाला कधी धाडायचं?"

पण दादाचा हंगाम पुरा झालाच नाही. ऐन गर्दीत, गोदामात कंटेनरवर कंटेनर येत असताना अप्पांनी त्याला परत बोलावून घेतलं. त्याचं लग्न ठरलं होतं. मार्लीसने विचारलं, लग्न हंगामानंतर नाही का करता येणार? अप्पा म्हणाले, "येस येस."

दादा त्याच आठवड्यात विमानात होता.

*

दादा परत आला तेव्हा मी पॅकहाऊसच्या मागे जिजाताईकडे जाऊन बसले होते. मन थाऱ्यावर नव्हतं. ती चुलीवर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी थापत होती. मी म्हणाले, "जिजाताई, जागा रिकामी आहे, काम मला येतं, मार्लीस मला ओळखते. पण घरचे म्हणतात, पोरीची जात, परका मुलूख."

तेवढ्यात अप्पा तिकडून चाललेले. जिजाताईने भाकरी उलटली आणि त्यांना हाक मारली.

"शेठ! आम्ही बाया दर साली डोंगर उतरून तुमच्याकडं येतो. आमच्या बोलीपासून भाकरीपर्यंत इथं सगळं परकंच हाय. आम्हाला बोलवताना नाय कधी 'बघू' म्हणालात!"

अप्पांना काहीतरी महत्त्वाचा फोन आला. फोन वाजलेला मात्र आम्हा दोघींपैकी कोणी ऐकला नाही.

*

आणि हा या हंगामाच्या शेवटी झालेला.

शेवटचा कंटेनर निघाला. मार्लीस परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्याकडे जेवायला. खाली पंगत. अप्पा, नाना, हर्षलदादा, मार्लीस, आणि मार्लीसशेजारी मी, कारण दुभाषी लागतो. नाहीतर मी आत वाढत असते. आई आणि काकू वाढताहेत. पुरणपोळीच. मार्लीस आता दोन्ही हात ताटावर अशी गच्च धरून बसते, की आईलाही वाट मिळत नाही.

जेवण अर्ध्यावर आलं तेव्हा तिने हात पुसले, पाठ ताठ केली आणि अप्पांकडे बघून बोलायला लागली. मग मला म्हणाली, "जसंच्या तसं सांग. बागेत सांगितलंस तसं."

मी ऐकलं. विषय माझाच होता. पण काम ते काम. मी सांगितलं, "अप्पा, मार्लीस विचारतेय, पुढचा हंगाम तेजलला आमच्याकडे पाठवाल का? जानेवारीपासून शेवटचा कंटेनर उतरेपर्यंत. राहायला कंपनीतल्याच एका बाईचं घर आहे, तिने होकार दिलाय. माल भरताना जी बघते, तिनेच उतरताना बघावा. तेजल हे काम हंगाम संपेपर्यंत सोडणार नाही असं मला वाटतं."

शेवटच्या वाक्याला दादाने मान खाली घातली आणि आमटी भुरकायला लागला.

अप्पा छान हसले. पाहुण्यासमोर ते नेहमीच छान हसतात. म्हणाले, "हो हो, बघू की!"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. मार्लीसने हात वर केला. "हे मला कळतं," ती म्हणाली. आणि अप्पांकडे बघून, स्पष्ट, एकेक अक्षर लावत म्हणाली, "अप्पा. बागू नाही."

दादाला ठसका लागला.

मार्लीसने दुसऱ्यांदा विचारलं. मी दुसऱ्यांदा सांगितलं. अप्पा म्हणाले, "पोळी वाढा मॅडमला." आई पुढे आली. मार्लीसचे हात ताटावर गच्च.

मार्लीस मला म्हणाली, "तुमच्याकडची पद्धत मला माहीत आहे. पहिली दोन उत्तरं धरायची नाहीत. आता तिसऱ्यांदा विचारते." आणि तिने तिसऱ्यांदा विचारलं. शांतपणे, तेच शब्द.

पंगत थांबली. अप्पांनी नानांकडे बघितलं. नानांनी अप्पांकडे बघितलं. 'हो' म्हणायचं नव्हतं. 'नाही' म्हणता येत नव्हतं. 'बघू' त्या बाईने हातातून काढून घेतलं होतं. घरची पाहुणी, ताटावर बसलेली, आणि उद्या जाणारी!

अप्पांनी चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवलं, मार्लीसकडे बघत मान डोलावली आणि मला मराठीत म्हणाले, "तेजू, तिला सांग, 'मलाच यायचं नाय' म्हणून. तुझं तूच सांग."

नाना म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही कसं म्हणणार? तूच नाही म्हणून टाक, बाळा."

काकू म्हणाल्या, "गोड बोलून सांग. तिला वाईट नको वाटायला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मार्लीसही. आई पोळीचं ताट हातात धरून माझ्या मागे उभी होती.

मी पाण्याचा एक घोट घेतला.

"नाही, अप्पा," मी म्हणाले. "या घरात पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नसतं."

अप्पांचं हसू तोंडावरच राहिलं. नानांनी "बरोबर" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. काकूंचा हात तुपाच्या भांड्यात तसाच.

"काय म्हणाले ते?" मार्लीसने विचारलं.

आईने मागून वाकून माझ्या ताटात पोळी वाढली.